हातचा

थोरा ड्रेव्हर, वय चौऱ्याऐंशी,
वेस्ट्रे बेटावरून दीड तास बोटीने आलेली.
ओला कोट न काढताच बसली
आणि आधी खुर्चीच तपासली,
पाठ चेपून, बुडाखाली हात फिरवून.
"कारखान्यातली," म्हणाली. "पाठीला कळतं."

ती स्वतः खुर्च्या विणायची. ओटच्या काडाच्या उंच पाठी,
वाऱ्याला आडोसा देणाऱ्या.
साठ वर्षं.

माझ्यापुढे छापील कागद. दोन रकाने.
डावीकडे डायलिसिस, उजवीकडे डायलिसिसशिवाय.
तळाशी बारीक अक्षरांत: घरच्यांशी बोला.
मुलगा ॲबर्डीनला. टेबलावर फोन उताणा,
त्यातून युअनचा आवाज:
"आई, सगळं करायचं. जे असेल ते सगळं."

मी आकडा सांगितला. मूत्रपिंडं आठ टक्के.
हे सांगताना माझी मान तिरकी होते
असं एकदा एका म्हाताऱ्याने दाखवून दिलं,
तेव्हापासून सरळ ठेवते.

थोराने कागद उलटा केला. मागे कोरा होता.
"पेन्सिल दे, पोरी."
सात घरं पाडली.
"आता तुझे दिवस खोड."
सोमवार खोडला. बुधवार. शुक्रवार.
"दुसऱ्या दिवशीची मरगळ?"
खोटं बोलता आलं असतं.
मंगळवारावर अर्धी रेघ ओढली, गुरुवारावर अर्धी,
शनिवारावरही.
"आणि वादळात बोट सुटली नाही तर?"
"तर इकडेच राहायचं. हिवाळ्यात कदाचित आठवडेच्या आठवडे."
ती उरलेलं मोजत बसली, ओठ हलवत,
शाळेत वजाबाकी करतात तशी.
"सातातून एवढे गेले.
हातचा कुणाकडून घ्यायचा?"

फोन गप्प होता.

"आणि हे नाहीच केलं तर?"
खाजेवर औषध आहे, सुजेवर आहे,
धाप लागली तर तिच्यावरही.
आम्ही घरी येऊ. रात्री फोन उचलायला कुणीतरी असेल.
"किती दिवस?"
"माहीत नाही. काही महिने. वर्षही निघेल."
"मशीनवर जास्त?"
"बहुधा. पण तुमचं हृदय बघता फार जास्त, असं नाही म्हणवत.
तेही नक्की माहीत नाही."
अठरा वर्षं हे काम करते,
आणि हे दोन शब्द कुठल्याच रकान्यात छापलेले नाहीत.

"लढ ना गं, आई," युअन म्हणाला.
पन्नाशीतल्या माणसाचा आवाज,
गुडघा फुटलेल्या पोराचा झालेला.
"मी कधी लढले रे? मी बसून काड वळायचे."
मग ते दोघं बराच वेळ बोलले.
कोंबड्या. छपराचा एक पत्रा.
त्याच्या लेकीचं बाळ,
ज्याच्यासाठी एक छोटी खुर्ची अर्धी विणून पडली होती.
मी मध्ये बोलले नाही. घड्याळाकडे पाहिलं नाही.
बाहेर तिघं थांबले होते. एकदा पाहिलं.

शेवटी तिने कागद सुलटा केला
आणि दोन रकान्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत,
जिथे छापखान्याने काहीच ठेवलं नव्हतं,
लिहिलं:
उन्हाळा घरी. औषधं चालतील.
ऑक्टोबरात परत विचारा.

"असं चालतं?" युअनने विचारलं.
चालतं. पण हेही सांगावं लागलं
की ऑक्टोबरपर्यंत प्रश्न बदललेला असेल,
कदाचित विचारायला उशीर झालेला असेल.
माझा आवाज आपोआप खाली गेला होता.
"ऐकलं मी," थोरा म्हणाली.
"मूत्रपिंडं गेलीत. कान नाही गेले."

फाइलमध्ये निर्णयाच्या जागी मी लिहिलं: पुन्हा विचारणे.
संगणकाने ते घेतलं नाही.
हो किंवा नाही निवडा, म्हणाला.
तो चौकोन मी तसाच सोडला.

चारची बोट होती. ती उठली,
खुर्चीचा हात न धरता, माझा धरून.
दारात थांबून मागे वळून पाहिलं,
माझ्याकडे नाही, खुर्चीकडे.
"हिला पाठ नाही," म्हणाली.
"पुढच्या खेपेला काड घेऊन येते."